आधी वाट मोकळी, मग कॅमेरा: पालिकेची इमारत सुरक्षित कशी करायची

एप्रिलमध्ये घरपट्टी भरली की ५ टक्के सूट मिळते. त्यामुळे त्या महिन्यात बेळगाव महापालिकेपासून खानापूरच्या पट्टण पंचायतीपर्यंत (म्हणजे नगरपंचायतीपर्यंत) काउंटरसमोर रांगा लागतात. म्हातारी माणसं, कडेवर मूल घेतलेल्या बायका, जन्मदाखल्याला आलेले आईबाप, उताऱ्यासाठी पुन्हा हेलपाटा पडलेला शेतकरी, सगळे एकाच व्हरांड्यात. अशा वेळी मीटरच्या पेटीतून धूर निघाला तर ही माणसं कुठून बाहेर पडणार? इमारतीत रोज बसणाऱ्यांनाही याचं उत्तर चटकन देता येत नाही.

सुरक्षा म्हटलं की आपल्याकडे आधी सीसीटीव्हीचं टेंडर निघतं. कॅमेऱ्याला माझा विरोध नाही, पण तो शेवटी यायला हवा. ११ ऑगस्ट २०२३ रोजी बंगळूर महापालिकेच्या मुख्य कार्यालयाच्या आवारातल्या गुणवत्ता तपासणी प्रयोगशाळेत आग लागली. ९ जण भाजले आणि त्यांतले मुख्य अभियंता पुढे दगावले. त्याच शहरात २३ फेब्रुवारी २०१० रोजी कार्लटन टॉवर्समध्ये ९ माणसं गेली. धूर वर चढत गेला आणि सुटकेच्या वाटा अडलेल्या होत्या. २१ जून २०१२ ला मुंबईत मंत्रालय पेटलं, त्यात ५ जणांचा जीव गेला आणि फायलींचे मजलेच्या मजले जळाले. अशा आगींत प्रश्न असतात ते वाट, वीज, धूर आणि कागद यांचे. म्हणून माझा क्रमही तोच आहे: बाहेर पडायची वाट, वीज, छत आणि पाणी, दप्तर, माणसांची सुरक्षितता आणि सगळ्यात शेवटी कॅमेरा. प्रत्येक कामापुढे एका माणसाचं नाव हवं. 'विभाग बघेल' असं लिहिलं की कुणीच बघत नाही.

हा लेख मुख्याधिकारी, कनिष्ठ अभियंते आणि नगरसेवकांसाठी आहे, तसाच आपल्या गावच्या पालिकेकडे काळजीने बघणाऱ्या नागरिकांसाठीही आहे. कार्यालयाइतकंच समुदाय भवन, भाजी मार्केट, वाचनालय, गाळ्यांचं संकुल आणि पाणीपुरवठ्याचं ठाणं यांनाही तो लागू आहे.

पहिली पायरी: दोनदा फेरी मारा

एक फेरी सकाळी अकरा-बाराला, गर्दी ऐन भरात असताना. दुसरी संध्याकाळी, दिवे मालवल्यावर. हातात इमारतीचा साधा नकाशा आणि लाल पेन ठेवा. नकाशा नसेल तर कागदावर चौकोन काढा, तेवढा पुरे. बरोबर अभियंता असावाच, पण त्याच्याइतकेच शिपाईमामा, वॉचमन आणि झाडलोट करणाऱ्या मावशी हवेत. कुठलं बटण दाबलं की चटका बसतो, कुठल्या भिंतीला ओल येते, कुठल्या खिडकीची कडी लागत नाही, हे त्यांना तोंडपाठ असतं. त्यांना आजवर कुणी विचारलेलं नसतं, एवढंच.

वॉचमनला एकच काम सांगा: 'मामा, मागच्या जिन्याचं कुलूप उघडून दाखवा.' मग बघा. जुडग्यात वीस-पंचवीस चाव्या, एकीलाही चिठ्ठी नाही. एक लावून बघायची, फिरत नाही, दुसरी लावायची. दिवसाउजेडी शांतपणे एवढा वेळ लागत असेल तर धुरात काय होईल, हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही. त्याच दिवशी प्रत्येक चावीला नंबराचा पत्र्याचा बिल्ला बांधा आणि तोच नंबर कुलपावर रंगवा. एक संच वॉचमनकडे, दुसरा मुख्याधिकाऱ्यांच्या केबिनमध्ये काचेच्या पेटीत ठेवा. खर्च किरकोळ.

दुसरी पायरी: बाहेर पडायची वाट

इथे सगळ्यात जास्त वेळ घालवा, कारण जीव इथेच वाचतो किंवा जातो.

आपल्या भागातल्या पालिका इमारतींचा मोठा दोष म्हणजे चॅनेल गेट. चोरीच्या भीतीने मागच्या जिन्याला सरकती लोखंडी जाळी बसवतात आणि ती बारा महिने कुलूपबंद राहते. जिने दोन असले तरी वापरात एकच उरतो. नियम सोपा ठेवा: कार्यालय उघडं असेपर्यंत प्रत्येक चॅनेल गेट पूर्ण सरकवलेलं, आणि त्याचं कुलूप गेटवर लटकत न ठेवता केबिनमधल्या खुंटीवर. गेट उघडल्याची वेळ रोज सकाळी वहीत लिहून सही करायची.

राष्ट्रीय इमारत संहिता २०१६ नुसार सुटकेचा दरवाजा किमान १ मीटर रुंद (सभागृहात २ मीटर) आणि २ मीटर उंच हवा, आणि तो बाहेर जाणाऱ्याच्या दिशेने उघडायला हवा. आत उघडणाऱ्या दारावर गर्दी आदळली की ते उघडताच येत नाही. समुदाय भवनात लग्न असो की सभा, ही भीती खरी आहे. जुन्या दाराच्या बिजागऱ्या बदलून ते बाहेर उघडतं करणं हे सुताराचं एका दिवसाचं काम आहे. फक्त दार उघडताच समोर पायरी येऊ नये, आधी सपाट जागा हवी. खिडक्यांना पक्के गज असतील तर प्रत्येक मोठ्या खोलीत निदान एक जाळी आतून कडी काढून उघडणारी करून घ्या.

आता जिन्याखाली वाका. मोडक्या खुर्च्या, जुन्या ट्यूबलाइटी, फ्लेक्सचे गठ्ठे हे तर असतंच. खरा धोका त्यांच्या मागे असतो: डासांच्या धुराचं यंत्र आणि त्याचे डिझेल-पेट्रोलचे कॅन, शेजारी ब्लीचिंग पावडरची पोती आणि संडास धुण्याच्या ॲसिडच्या बाटल्या. ब्लीचिंग पावडर आणि ॲसिड एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो. तिच्यात तेल किंवा इंधन सांडलं तर ती तापून पेट घेऊ शकते. ही तीन सामानं तीन वेगळ्या जागी हलवा, आणि इंधन तर इमारतीबाहेर, हवेशीर, कुलूपबंद शेडमध्येच ठेवा. सगळ्या यादीतलं एकच काम या आठवड्यात होणार असेल, तर हे करा.

पाट्यांबद्दल. हिरव्या रंगातलं धावत्या माणसाचं चित्र आणि बाण, खाली कन्नड आणि मराठी. कन्नड ही राज्याची भाषा आहे, आणि जिथे अल्पसंख्य भाषा बोलणारे १५ टक्के किंवा अधिक आहेत, तिथे महत्त्वाच्या सूचना त्या भाषेतही द्याव्यात, असं केंद्राच्या भाषिक अल्पसंख्याकांसाठीच्या तरतुदी सांगतात. पण इथे वादाचं कारणच नाही. घाबरलेला माणूस आपल्या भाषेत वाचतो, आणि ज्याला वाचता येत नाही तो चित्र बघतो. एक पाटी दारावर आणि एक गुडघ्याच्या उंचीवर लावा, कारण धूर वरून भरत खाली येतो. वीज गेल्यावर जिन्यात बॅटरीवरचे दिवे दीड तास तरी चालायला हवेत.

व्हीलचेअरसाठी उतार करताना १ फूट उंचीला १२ फूट लांबी धरा. त्याहून उभा उतार केला तर मागून ढकलणाऱ्याचाही दम निघतो.

तिसरी पायरी: वीज

जुनी इमारत, जुनं वायरिंग आणि त्यावर दरवर्षी वाढलेले एसी, संगणक, यूपीएस, झेरॉक्स यंत्रं. भार वाढत गेला, वायर तीच राहिली. बटण गरम लागणं, जळकट वास, एमसीबी (भार वाढला की वीज आपोआप तोडणारं बटण) वारंवार पडणं ही सगळी आगीची आगाऊ सूचना आहे. एमसीबी पडतो म्हणून मोठ्या क्षमतेचा बसवणं हा सर्वांत घातक उपाय. वायर बारीकच राहते आणि एमसीबी न पडता तीच तापत जाते.

मीटरपर्यंतची जबाबदारी हेस्कॉम या वीज कंपनीची, त्यापुढची इमारतीच्या मालकाची, म्हणजे पालिकेची. परवानाधारक विद्युत ठेकेदाराकडून भाराचा हिशेब करून घ्या. पाणी येतं अशा जागी, संडास, कॅन्टीन, कूलर, पंप यांच्या लाइनवर ३० मिलीॲम्पिअरचा आरसीसीबी बसवा. शॉक लागताच तो पुरवठा तोडतो. त्यावरचं 'टेस्ट' बटण महिन्यातून एकदा दाबायचं, ही जबाबदारी एका शिपायाच्या नावावर लिहा. अर्थिंगची तपासणी मे महिन्यात करा. जमीन कोरडी असते तेव्हा अर्थिंग सगळ्यात कमकुवत असतं, म्हणून खरी स्थिती तेव्हाच कळते. मुख्य पॅनेलसमोर १ मीटर जागा पूर्ण मोकळी हवी, तिथे फायलींचे खोके नकोत. इन्व्हर्टरच्या बॅटऱ्या बंद कपाटात ठेवू नका. चार्ज होताना त्यांतून हायड्रोजन सुटतो.

एप्रिल-मेमध्ये वळीव कडकडाट करत येतो. छतावर टाकी किंवा मनोरा असलेल्या इमारतीला वीजवाहक हवाच, आणि त्याची पट्टी भंगारवाल्याने कापून नेलेली नाही ना, हे डोळ्यांनी बघून घ्या.

अग्निशामक नळकांडी. कुठूनही १५ मीटरच्या आत एक मिळायला हवं. कार्यालयात एबीसी पावडरचं चालतं, पॅनेल आणि संगणकाजवळ कार्बन डायऑक्साइडचं ठेवा. लहान बंद खोलीत कार्बन डायऑक्साइड मारल्यावर आत थांबू नका, गुदमरायला होतं. पावडरच्या नळकांड्याचा काटा हिरव्यात आहे का, हे दर महिन्याला बघा. आणि हे जरूर करा: पुन्हा भरायची तारीख जवळ आली की नळकांडी ठेकेदाराकडे तशीच पाठवू नका. आधी मोकळ्या आवारात पत्र्याच्या डब्यात कागद पेटवून कर्मचाऱ्यांना त्यांवर सराव द्या. पिन ओढायची, दोन-अडीच मीटर लांब उभं राहायचं, नळकांड्याचं तोंड ज्वाळेच्या बुडाशी धरायचं, दाबायचं आणि झाडू मारल्यासारखं डावीकडून उजवीकडे फिरवायचं. नळकांडं पंधरा-वीस सेकंदांत संपतं, हे एकदा अनुभवलं की माणूस मोठ्या आगीपुढे नको ते धाडस करत नाही. आधी ११२ किंवा १०१ ला फोन, मग नळकांडं.

छत, भिंती आणि पूर

मृगाआधी, म्हणजे जूनच्या पहिल्या आठवड्याआधी, छतावर चढा. पन्हळी, पाइपांची तोंडं, पिंपळाची रोपं, टाकीचे पाय बघा. खानापूर आणि कणकुंबीकडचा पाऊस ज्यांनी बघितला आहे, त्यांना याचं महत्त्व सांगायला नको. स्लॅबला खालून लाकडी दांड्याने ठोकत जा. पोकळ आवाज आला तर आतली सळई गंजून काँक्रीट सुटलं आहे असं समजा. भेगेवर काचेची पातळ पट्टी सिमेंटने आडवी चिकटवून वर तारीख लिहा. काच तडकली तर भेग वाढते आहे. मग रंगरंगोटीत पैसे घालवू नका, स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवा. बेळगावला भूकंपाचा धोका अजिबात नाही असं नाही, आणि १९६७ चा कोयनेचा धक्का जुन्या लोकांना आठवतो. लोखंडी कपाटं भिंतीला ब्रॅकेटने जखडा, विशेषतः दाराशेजारची. ती पडली की वाट बंद होते.

निपाणी, चिकोडी, संकेश्वर, गोकाक या बाजूला पुराचा विचार वेगळा करावा लागतो. कृष्णा, दूधगंगा, वेदगंगा, हिरण्यकेशी आणि घटप्रभा एकाच आठवड्यात फुगतात, वरच्या धरणांतून विसर्गही होतो. ऑगस्ट २०१९ चं पाणी कुठवर आलं होतं, ते जुन्या कर्मचाऱ्यांना विचारून भिंतीवर लाल रेघ मारा. मीटर, मुख्य पॅनेल, जनरेटर, सर्व्हर, दप्तर या सगळ्या वस्तू त्या रेघेच्या दोन फूट तरी वर न्या. बेळगावात बळ्ळारी नाल्याजवळच्या सखल भागातल्या इमारतींनाही हेच लागू. पुरात समुदाय भवनं आणि शाळाच निवारा केंद्रं होतात. म्हणून तिथल्या संडासांत दिवे, बायकांसाठी आतून लागणाऱ्या कड्या आणि स्वयंपाकाची जागा झोपायच्या जागेपासून लांब, ही तयारी मे महिन्यातच हवी. गॅस सिलिंडर बाहेर उभा, रबरी नळी आत, शेगडी विझली की रेग्युलेटर बंद.

पाणीपुरवठ्याचं ठाणं

हा भाग थोडक्यात, पण वगळता येत नाही. बेळगावला पाणी पुरवणाऱ्या राकसकोप आणि हिडकल जलाशयांचं पाणी शुद्ध करायला क्लोरीन लागतो. गावोगावच्या शुद्धीकरण केंद्रांतही त्याची नळकांडी असतात. हा वायू हवेपेक्षा जड, जमिनीलगत सखल भागाकडे पसरतो. म्हणून गळती झाली तर वाऱ्याच्या आडव्या दिशेने, उंच जागेकडे पळायचं, खाली वाकायचं नाही. आगीच्या वेळी जे शिकवतो त्याच्या अगदी उलट, त्यामुळे कर्मचाऱ्यांना हे वेगळं शिकवा. शेडवर वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी पिशवी लावा. गळती शोधायला अमोनियात भिजवलेला बोळा काठीला बांधून सांध्याजवळ फिरवतात. पांढरा धूर दिसला की गळती तिथेच. मास्क शेडच्या बाहेर टांगलेला हवा, आत नव्हे.

दप्तर

१९५६ पूर्वी बेळगाव मुंबई राज्यात होतं. त्या काळातले जन्ममृत्यूचे रजिस्टर, मिळकतीच्या नोंदी, बांधकामाचे परवाने जळाले किंवा भिजले, तर कुणाच्या वारसाहक्काचा शेवटचा पुरावा नाहीसा होईल. त्यामुळे दप्तराची खोली कोठीघर समजू नका. लाकडी मांडण्या जाऊन लोखंडी रॅक यावेत, खालचा खण जमिनीपासून सहा इंच वर. खोलीतून जुनं वायरिंग काढा, दिव्याचं बटण दाराबाहेर घ्या. धूर ओळखणारं यंत्र बसवा. स्कॅन केलेल्या फायलींची एक प्रत या इमारतीत आणि दुसरी दुसऱ्या इमारतीत ठेवा. एकाच खोलीत दोन हार्ड डिस्क ठेवणं म्हणजे प्रत नव्हे. फाइल कोण घेऊन गेलं आणि कधी परत आणली, त्याची वही सहीनिशी असावी. आगीपेक्षा हळूहळू गायब होणाऱ्या फायली जास्त नुकसान करतात, असं माझं मत आहे.

माणसांची सुरक्षितता

काउंटरवरची भांडणं बहुतेक वेळा ताटकळण्यातून उठतात. टोकन, बसायला बाक, पिण्याचं पाणी आणि 'या कामाला हे कागद लागतात' अशी कन्नड-मराठी पाटी, यांनी निम्मा राग उतरतो. काउंटरमागे बसणाऱ्याला मागून बाहेर पडायचं दार हवं, आणि टेबलाखाली घंटेचं बटण, जे वॉचमनच्या खोलीत वाजेल. सरकारी कर्मचाऱ्याला कामापासून रोखण्यासाठी केलेला हल्ला भारतीय न्याय संहितेच्या कलम १३२ खाली येतो. ही पाटी लावा, पण नागरिकाला तक्रार कुठे करायची, तेही तिच्याच खाली तितक्याच मोठ्या अक्षरात लिहा.

महिला कर्मचारी संध्याकाळी उशिरा थांबत असतील तर आवारातले आणि वाहनतळावरचे दिवे, स्वच्छतागृहाची वाट, आणि १० किंवा अधिक कर्मचारी असतील तर कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याप्रमाणे अंतर्गत समिती, या गोष्टी तपासा. समितीच्या सदस्यांची नावं सूचना फलकावर असायला हवीत.

१ नोव्हेंबरला (कर्नाटक राज्योत्सव, आणि सीमाभागातल्या मराठी भाषकांचा काळा दिन), तसंच बेळगावच्या सुवर्ण विधानसौधमधल्या हिवाळी अधिवेशनाच्या काळात मोर्चे आणि बंदोबस्त असतो. पालिकेची इमारत कधी कधी या तणावाच्या मध्यभागी येते. अशा दिवसांचं नियोजन आठवडाभर आधी पोलिसांबरोबर बसून करा: नागरिकांना कुठल्या दाराने सोडायचं, मुख्य फाटक बंद झालं तर आत अडकलेले बाहेर कुठून जाणार, रुग्णवाहिका कुठून येणार. बाहेर काहीही चालू असो, मागचं दार उघडं राहिलंच पाहिजे.

बेवारस बॅग दिसली तर हात लावू नका, हलवू नका. माणसं लांब न्या आणि ११२ ला कळवा. धमकीचा फोन किंवा ईमेल आला तर तो पुसू नका, पोलिसांना जसाच्या तसा दाखवा.

आता कॅमेरे

प्रवेशद्वारी चेहरा दिसेल अशा उंचीवर एक कॅमेरा हा छताखालच्या चार कॅमेऱ्यांपेक्षा उपयोगी. रोकड काउंटर, दप्तराचं दार, जिन्यांची तोंडं आणि वाहनतळ इथे लावा. स्वच्छतागृहं आणि विश्रांतीच्या खोल्यांकडे एकही कॅमेरा वळलेला नसावा. गर्दीच्या आस्थापनांसाठी कर्नाटकाच्या २०१७ च्या सार्वजनिक सुरक्षा कायद्यात ३० दिवसांचं चित्रण जपायची अट आहे. तेवढी साठवण धरूनच ऑर्डर द्या. रेकॉर्डर पुराच्या रेघेच्या वर, कुलूपबंद, यूपीएसवर. कंपनीने दिलेला पासवर्ड पहिल्याच दिवशी बदला. घड्याळ दर महिन्याला जुळवा, कारण वेळ चुकली की पुरावा लंगडा पडतो. चित्रण कोर्टात द्यायचं तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र लागतं. ते कोण देणार, हे आधीच ठरवा.

सराव

वर्षातून दोनदा, पहिल्यांदा आगाऊ सांगून, दुसऱ्यांदा न सांगता. अग्निशामक दलाला पत्र दिलं तर ते येऊन शिकवतात. घोषणा कन्नड आणि मराठी दोन्हींत, छोट्या वाक्यात: 'सगळे बाहेर चला, जिन्याने, लिफ्ट नको.' प्रत्येक मजल्यावर एक माणूस शेवटी निघेल आणि संडासासकट सगळ्या खोल्या बघून येईल. अपंग आणि वृद्धांना कोण धरून नेईल, हे नावानिशी ठरलेलं असावं. बाहेर ठरलेल्या झाडाखाली मोजणी. लगेच, सगळे उभे असतानाच, काय अडलं ते लिहून घ्या, आणि पुढच्या सरावाआधी त्यातलं एकेक निकालात काढा.

पैसा आणि पाठपुरावा

चाव्या, चॅनेल गेट, जिन्याखालचा पसारा, पाट्या, सराव यांना बजेटची वाट बघावी लागत नाही. वायरिंग, छत, धूर-यंत्रणा यांना लागते. म्हणून फेरीचा अहवाल डिसेंबरपूर्वी द्या, म्हणजे पुढच्या अंदाजपत्रकात रक्कम धरली जाईल. नागरिकांनी माहिती अधिकारात विचारावं. फी १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. कर्नाटकात अर्ज १५० शब्दांत आणि एकाच विषयावर असावा लागतो, आणि तो कन्नड किंवा इंग्रजीत दिला की परत पाठवायला निमित्त उरत नाही. प्रश्न नेमके ठेवा: या इमारतीची शेवटची विद्युत तपासणी कधी झाली, अहवालाची प्रत द्या, अग्निशामक नळकांडी किती आणि त्यांची पुढची तारीख कोणती, शेवटचा सराव कोणत्या तारखेला झाला. आलेल्या उत्तराची झेरॉक्स आपल्या वॉर्डाच्या नगरसेवकाला द्या आणि ते पुढच्या सर्वसाधारण सभेत मांडायची लेखी विनंती करा.